रेसकोर्सवर घोड्यांची आणि माणसांची काळजी कशी घ्यावी: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

शर्यत दुपारी असते. आपलं काम पहाटे साडेचारला सुरू होतं.

रेसकोर्सवर सुरक्षा आणि प्राण्यांची काळजी पाहायच्या कामावर तुम्ही नव्याने रुजू होत असाल, मग तुम्ही तरुण पशुवैद्यक असा, मैदानावरचे पर्यवेक्षक असा किंवा प्राणीकल्याणाच्या बाजूने आलेले कार्यकर्ते असा, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी पशुवैद्यक. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी हंगामांमागून हंगाम काढले. पुण्याच्या कॅम्पातलं रेसकोर्स १८३० सालचं, महालक्ष्मीचं १८८३ सालचं. पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, शर्यती पुण्यात होतात. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत मुंबईत. घोडे तेच, त्यांची देखभाल करणारे सईस बरेचसे तेच. हवा आणि जमीन मात्र बदलते, आणि आपल्या कामाचा निम्मा भाग या बदलातच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. धावताना घोड्याचा पाय मोडतो, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की पाय वाकडा पडला, नशीब फुटकं. पण अशा मोडलेल्या हाडांची तपासणी केली की बहुतेक वेळा तिथे जुनी इजा सापडते: बारीक तडे, झिजलेला भाग, शरीराने भरून काढायचा केलेला प्रयत्न. म्हणजे आठवडे, कधी महिने, तो घोडा काहीतरी सांगत होता. ते ऐकायला कुणीतरी नेमलेलं असावं लागतं. ते आपण.

पहिली पायरी: ‘थांबवा’ कोण म्हणणार, हे लिहून घ्या

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांकडून एक कागद मागून घ्या. घोडा शर्यतीतून काढून घ्यायचा अधिकार कुणाला? मैदान खराब असेल तर शर्यत रद्द कोण करणार? घोडा वाचणार नाही अशी वेळ आली आणि मालक परदेशात असेल, तर निर्णय कुणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरं नावानिशी आणि फोन नंबरासकट लेखी हवीत. तो माणूस नसेल तर त्याच्या जागी कोण, तेही.

तोंडी चालत नाही का? चालतं, जोवर काही घडत नाही तोवर. शर्यतीला सात मिनिटं उरलेली असतात, तिकीट खिडक्या चालू असतात, ट्रेनर तुमच्या एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला उभा असतो. अशा वेळी ‘मला अधिकार आहे का?’ हा विचार मनात आला तरी उशीर होतो. स्ट्युअर्ड (शर्यतीचे नियम पाळले जातात का ते पाहणारे पंच), स्टार्टर (शर्यत सोडणारा), पशुवैद्यक, क्लार्क ऑफ द कोर्स (मैदानाची जबाबदारी असलेला अधिकारी) या प्रत्येकाची हद्द कुठे संपते ते शांत दिवशी बसून समजून घ्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, विशेषतः त्यातलं कलम ११, स्वतः वाचा. आजारी किंवा जखमी, कामाच्या लायकीचा नसलेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. घोड्याची किंमत कितीही असो, त्याला हे लागू आहे.

दुसरी पायरी: पहाटेचा तबेला

तबेल्यात शिरताना आवाज द्या. घोड्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, पण नाकासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग त्याला दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर लाथ बसेल आणि त्यात घोड्याची काही चूक नसेल. खांद्याच्या बाजूने जा, हात लावण्याआधी बोला.

पहिल्यांदा घोड्याकडे पाहू नका, गव्हाणीकडे पाहा. रात्रीची चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, संपली का? नेहमी चाटूनपुसून खाणाऱ्या घोड्याने अर्धी चंदी टाकली असेल तर त्या एका गोष्टीवर तुमची सकाळ थांबायला हवी. मग लीद पाहा, पाण्याची बादली पाहा, गवताचा बिछाना पाहा. बिछाना विस्कटून भिंतीला लागला असेल तर रात्री पोटात दुखून घोडा लोळला असण्याची शक्यता आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशुळात आत साठलेलं वर येऊ शकत नाही, म्हणून पोटशूळ हा घोड्याच्या बाबतीत कधीच किरकोळ आजार समजायचा नाही.

त्यानंतर आकडे. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. पण हे पुस्तकातले आकडे झाले. तुम्हाला हवेत ते *त्या* घोड्याचे आकडे. नेहमी ३० नाडी असलेला घोडा आज ४२ वर असेल तर तो पुस्तकाप्रमाणे ठीक आहे आणि तरीही त्याला काहीतरी झालेलं आहे. म्हणून प्रत्येक घोड्याच्या नावाने वहीत पान ठेवा.

आता सईसांबद्दल. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. ट्रेनरकडे पन्नास घोडे असतात, पशुवैद्यकाकडे त्याहून जास्त. सईसाकडे मोजकेच, दोन-तीन. तो त्यांना खरारा करतो, त्यांचे पाय धुतो, पट्ट्या बांधतो, त्यांच्या शेजारी झोपतो. घोड्याच्या पायात गरमी आली की पहिल्यांदा त्याच्या तळहाताला कळतं. पण तो बोलत नाही. बोललं तर घोडा पळणार नाही, घोडा पळाला नाही तर ट्रेनर चिडेल, बक्षिसातला वाटा जाईल, कदाचित नोकरीही जाईल. पुण्याला एक वयस्कर सईस होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मी नवा होतो तेव्हा रोज विचारायचो, “मामा, काय म्हणतोय घोडा?” ते म्हणायचे, “चांगलाय साहेब.” सहा महिने मला एवढंच उत्तर मिळालं. एकदा मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून घोड्याचे चारही पाय धुऊ लागलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, “डावा पुढचा जरा नीट बघा. मी काही सांगितलं नाही हां.” त्या पायाचा एक्स-रे काढला. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाला बारीक तडा होता. तो घोडा चार महिने थांबला आणि पुन्हा धडधाकट पळाला.

म्हणून नियम असा करा की सईसाने सांगितलेलं त्याच्या नावावर कुठेही लिहायचं नाही. शोध तुम्ही लावलात असंच नोंदवा. श्रेय गेलं तरी चालेल, घोडा राहतो आणि उद्याही तो माणूस तुमच्याशी बोलतो.

तिसरी पायरी: हात आणि दुडकी

धावणारा घोडा साधारण ४५० ते ५०० किलोंचा. उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की सगळं अंग एकाच पुढच्या पायावर तोललं जातं आणि त्या पायावर घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. त्यामुळे पुढचे पाय आधी, आणि जास्त वेळ.

गुडघ्यापासून खाली हात फिरवा. उजव्या पायावर फिरवला तसाच लगेच डाव्यावर, त्याच दाबाने. गरमी, सूज, दुखरेपणा या तीन गोष्टी शोधायच्या. नळीच्या मागून जाणारी जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी), जिला तबेल्यात सगळे टेंडनच म्हणतात, ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ आणि थंड लागली पाहिजे. मधेच फुगवटा आला असेल तर तिला जुनी किंवा नवी इजा आहे. मग खुराच्या वरचा सांधा, फेटलॉक. तो वाकवून अर्धा मिनिट धरा, घोड्याच्या चेहऱ्याकडे पाहत. कान मागे गेले, डोळा ताणला, नाकपुडी आवळली की तुम्हाला उत्तर मिळालं. सांध्याच्या मागे दोन लहान हाडं असतात. धावताना जीवघेणे ठरणारे कित्येक अपघात तिथून सुरू होतात.

पट्टी बांधलेल्या पायावर कधीही सही करू नका. पट्टी सोडायला लावा आणि दहा मिनिटं थांबून मग हात लावा. बर्फात ठेवलेला पाय लगेच तपासला तर थंडच लागणार.

मग घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून घ्या, तुमच्यापासून दूर आणि पुन्हा तुमच्याकडे. दोरी सैल हवी. सईसाने दोरी आखडून धरली तर घोड्याला मान हलवता येत नाही, आणि मान तर आपल्याला पाहायचीच आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याचं हाड त्या बाजूला जास्त वरखाली होतं. डोळ्यांनी पटलं नाही तर डोळे मिटून टापांचा आवाज ऐका. चांगल्या घोड्याच्या दुडकीचा ताल घड्याळासारखा पडतो.

माझ्याकडून एकदा चूक झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. एका घोडीच्या पुढच्या पायात किंचित गरमी होती. दुडकी जवळजवळ स्वच्छ होती. ‘जवळजवळ’ हा शब्द तेव्हाही माझ्या मनात आला होता. मोठी शर्यत होती, आजूबाजूला लोक थांबले होते आणि मी सही केली. शेवटच्या चारशे मीटरमध्ये ती पडली. पडद्याआड तिचा शेवट मीच केला. जॉकीचं गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडलं, तो बरा झाला. त्या दिवसापासून माझ्या वहीत ‘जवळजवळ’ हा शब्द म्हणजे ‘नाही’. तुमच्या वहीतही पहिल्या दिवसापासून तसाच असू द्या. घोडा काढून घेतल्यानंतर तो ठणठणीत निघाला, तर लोक आठवडाभर बोलतील, आणि ते ऐकून घेता येतं.

तपासणीत दुखणं लपवणाऱ्या औषधांचाही विचार असू द्या. सूज आणि वेदना मारणारं औषध दिलेला घोडा दुडकीत सुरेख दिसतो, पण हाडातला तडा तिथेच असतो. शर्यतीनंतर लघवीचे आणि रक्ताचे नमुने घेतात, ते दोन भागांत सीलबंद करून प्रयोगशाळेत जातात, दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत घोड्यांचे नमुने तपासायची सोय आहे. लोकांना वाटतं ही तपासणी फसवणूक पकडण्यासाठी आहे. माझ्या मते ती आधी घोड्याच्या पायासाठी आहे.

चौथी पायरी: जमीन

शर्यतीच्या सकाळी गवताच्या मैदानाची एक पूर्ण फेरी पायी मारा. गाडीतून नाही. महालक्ष्मीची फेरी चांगली लांब आहे, इंडियन डर्बीचं अंतरच २४०० मीटर असतं, त्यामुळे वेळ काढून ठेवा. बुटाची टाच रुतवत चाला. जमीन किती कठीण किंवा मऊ आहे हे मोजायला पेनेट्रोमीटर असतो: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पाडायचं आणि टोक किती रुतलं ते पाहायचं. आकडा जाहीर होतो, पण तो सरासरी असतो. घोडा सरासरीवर पळत नाही. सगळीकडे एकसारखी कठीण जमीन घोड्याला सांभाळून घेता येते. टणक जमिनीवरून अचानक मऊ पट्ट्यात पाय गेला, तर मात्र तोल जातो. म्हणून वळणं, रस्ता ओलांडायच्या जागा, पाण्याच्या पाइपाचे तोंड आणि आतल्या रेलिंगलगतचा झिजलेला पट्टा इथे जास्त थांबा. मागच्या शर्यतीत टापांनी उखडलेली ढेकळं वाळू-माती भरून दाबली आहेत का ते बघा. आतला पट्टा फार झिजला असेल तर तात्पुरतं रेलिंग बाहेर सरकवायला सांगा.

पुण्यात ऑगस्टमध्ये एका सरीत चित्र बदलतं. सकाळी पाहिलेलं मैदान दुपारी तेच नसतं. पाऊस पडला की पुढच्या शर्यतीआधी पुन्हा जाऊन बघायचं, जॉकींनाही विचारायचं. नुकताच त्या वळणावरून पळून आलेला माणूस सगळ्यात चांगला पेनेट्रोमीटर असतो.

रेलिंग हाताने हलवून पाहा. तुटकी कड, बाहेर आलेला बोल्ट, वाकलेला खांब चालणार नाही. मैदानात कुत्री शिरतात, ती कुठल्या फटीतून येतात ते शोधा. शर्यतीच्या वेळी एकट्या कुत्र्यानेही दहा घोडे आणि दहा माणसं धोक्यात येतात. संक्रांतीच्या सुमारास मांजा शोधत फिरा. रेलिंगवर, झाडांवर, गवतात तुटका मांजा अडकलेला असतो. तो घोड्याच्या पायाला आणि जॉकीच्या गळ्याला सारखाच कापतो. पुण्यात गणपतीत ढोल-ताशांच्या आणि मुंबईत दिवाळीत फटाक्यांच्या रात्री तबेल्यात जादा माणूस ठेवा. रात्रभर घाबरून फिरलेला घोडा दुसऱ्या दिवशी थकलेलाच पळतो.

पाचवी पायरी: पॅडॉक आणि गेट

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवायच्या जागेत, घोडे फिरत असताना तुम्ही जॉकीच्या रंगांकडे पाहायचं नाही. खोगिराचा पट्टा, रिकिबीची कातडी पट्टी, लगामाची शिवण आणि नाल पाहायची. सैल नाल तिथेच नालबंदाकडून पक्की करून घ्यायची. जॉकीचं हेल्मेट आणि अंगरख्याखालचं संरक्षक जाकीट घातलेलं आहे याची खात्री करा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद. धावताना घोड्याची जीभ मागे सरकू नये म्हणून पट्टीने बांधली असेल तर त्या पट्टीची वेळ नोंदवा आणि शर्यत संपताच ती सोडली जाते का ते स्वतः बघा.

स्टार्टिंग गेट ही घोड्याच्या नजरेने भयंकर जागा आहे. अरुंद, लोखंडी, मागून बंद होणारी. आत गादीचं अस्तर शाबूत आहे का, दारं एकाच वेळी उघडतात का, हे पहिल्या शर्यतीआधी रिकामं गेट उघडून तपासा. गेटवरच्या माणसांनी हेल्मेट घालायलाच हवं. घोडा आत उभा राहून मागे कोलमडला, दाराखाली अडकला किंवा गेट फोडून पळाला, तर पशुवैद्यकाने त्याला तपासल्याशिवाय तो परत आत जाणार नाही. तो ‘ठीक दिसतोय’ एवढं पुरेसं नाही. त्याला चालवून, दुडकीने पळवून पाहा. शंका असेल तर काढून घ्या.

सहावी पायरी: कधी थांबवायचं

पुढचं अगदी ठाम आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी पुढची शर्यत सुटणार नाही:

– जॉकींसाठी डॉक्टर आणि रुग्णवाहिका, शर्यतीच्या मागोमाग जाणारी. एक रुग्णवाहिका जखमीला घेऊन इस्पितळात गेली असेल तर दुसरी जागेवर येईपर्यंत थांबायचं.
– घोड्याची रुग्णवाहिका, चालकासह, इंजिन चालू होतं हे तपासलेली.
– मैदानावर किमान एक मोकळा पशुवैद्यक, औषधांच्या पेटीसह.
– पडदे आणि ते धरणारी माणसं.
– सगळ्यांचे वायरलेस एका चॅनेलवर.

सातवी पायरी: घोडा पडला तर

पहिली काही सेकंदं धावत सुटू नका. मागून घोडे येत असतील. जो इशारा ठरलेला आहे, झेंडा, शिट्टी, वायरलेस, तो द्या. मग दोन तुकड्या वेगळ्या होतात. डॉक्टर जॉकीकडे, पशुवैद्यक घोड्याकडे. यांनी एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही. पडलेल्या जॉकीला कुणी उठवून बसवत नाही, हेल्मेट ओढून काढत नाही. मान धरून, बोर्डावर घेऊन मगच हलवायचं. तो “मी बरा आहे” म्हणाला तरी डॉक्टरने तपासल्याशिवाय त्याला पुढची सवारी नाही. डोक्याला मार लागलेला माणूस हे वाक्य नेहमीच म्हणतो.

घोडा उभा असेल आणि एक पाय टेकत नसेल, तर त्याला एकही पाऊल चालवू नका. त्याचं डोकं धरायला एक शांत माणूस, शक्यतो त्याचाच सईस. मोडलेला पाय खाचेत धरून ठेवणारा स्प्लिंट जागेवरच चढवायचा, मग रुग्णवाहिका त्याच्यापाशी आणायची. घाईत चार पावलं चालवल्याने कातडी फाटते, रक्तवाहिनी तुटते आणि वाचू शकणारा घोडाही हातचा जातो. घोडा आडवा असेल तर त्याच्या पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने नाही. डोळ्यावर टॉवेल टाका. नुसता दम लागून पडलेले घोडेही असतात. त्यांना वेळ दिला की ते उठतात.

वाचवणं शक्य नसेल तेव्हा निर्णय वैद्यकीय असतो. शक्य असेल तिथे दुसऱ्या पशुवैद्यकाचं मत घ्या, पण त्यासाठी घोड्याला तळमळत ठेवू नका. पडदे लावा ते घोड्यासाठी आणि त्याच्या माणसासाठी. सईसाला विचारा, “थांबायचंय का?” काही जण थांबतात, काही तोंड फिरवून निघून जातात. दोन्ही बरोबर. संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. त्याने त्या जनावराला लहानपणापासून चारलेलं असतं, आणि त्या रात्री तबेल्यातला तो कप्पा रिकामा असतो.

शवविच्छेदन प्रत्येक वेळी करा आणि सापडलेलं मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींशी ताडून पाहा.

आठवी पायरी: शर्यत संपल्यावर

शर्यतीत घोड्याची नाडी मिनिटाला दोनशेच्या वर जाते. उष्माघाताची लक्षणं बहुधा थांबल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात दिसतात: पाय झाडणं, डोकं हलवणं, अडखळणं, सैरभैर होणं. अशा वेळी घोडा माणसाला तुडवू शकतो, म्हणून आधी मोकळी जागा करा. मग थंड पाणी, भरपूर, न थांबता, सगळ्या अंगावर. ओतलेलं पाणी निथळून काढत बसायची जुनी पद्धत सोडून द्या. सतत पाणी चालू ठेवल्याने घोडा सगळ्यात लवकर थंड होतो. अंगावर ओली चादर टाकून ठेवू नका, ती उष्णता कोंडते. मार्च-एप्रिलच्या मुंबईत घाम वाळत नाही, त्यामुळे पाणी, बर्फ, सावली आणि पंखे हे सगळं घोडे येण्याआधी तयार पाहिजे.

‘तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर पोटात कळ येते’ ही समजूत तबेल्यांतून अजून आहे. ती चुकीची आहे. त्याला पाणी पिऊ द्या. मामांना हे पटवायला मला एक अख्खा हंगाम लागला. मी वाद घातला नाही, शेजारच्या दोन घोड्यांच्या नाडीचे आकडे त्यांना रोज दाखवत गेलो.

नाकातून रक्त येतंय का ते पाहा. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो, आणि भरधाव पळताना प्रत्येक झेपेला एक श्वास असं त्याचं गणित असतं. फुप्फुसात रक्तस्राव झालेल्या घोड्याला विश्रांती हवी.

मग चाबूक. पुठ्ठ्यांवर, बरगड्यांवर, पोटाखाली हात फिरवून वळ शोधा. वळ दिसला तर फोटो, वेळ, जॉकीचं नाव आणि स्ट्युअर्डकडे लेखी. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट (अडथळे नसलेल्या) शर्यतीत सहा फटक्यांची मर्यादा आहे आणि ती चारने किंवा जास्तीने ओलांडली तर घोडाच बाद होतो. मालकाचं बक्षीस जायला लागलं की चाबूक कसा हलका पडतो! माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे: थकलेल्या, मागे पडलेल्या घोड्याला मारण्याचं समर्थन कुठल्याच नियमात शोधू नये.

प्रवास, आजार, आग

पुण्याहून मुंबईला घोडे गाडीने येतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटात गाडी अडकली की तास वाढतात. प्रवासात डोकं वर बांधून ठेवलं तर घशातली घाण खाली निथळत नाही आणि दोन-तीन दिवसांनी फुप्फुसाचा ताप येतो. दोरी लांब ठेवा, मधे थांबून डोकं खाली घेऊ द्या आणि पोहोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला गाडीतच हवा.

बाहेरून आलेला घोडा आधी वेगळा ठेवायचा. २००८-०९ मध्ये देशात घोड्यांच्या फ्लूची साथ आली तेव्हा ती किती झपाट्याने पसरते हे सगळ्यांनी पाहिलं. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य आजार तर माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी, न भरणारे व्रण दिसले की हातमोजे, मास्क, घोडा वेगळा आणि सरकारी पशुसंवर्धन खात्याला कळवणं, त्याच दिवशी. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून सईसांची धनुर्वाताची लस चुकली नाही ना ते विचारा, आणि तुमची स्वतःचीही.

आगीसाठी एवढं पाहा: प्रत्येक कप्प्याच्या दाराबाहेर मोरखी आणि दोरी टांगलेली, कडी एका हाताने उघडणारी, वैरणीची खोली वेगळी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदललेल्या. वर्षातून दोनदा रात्री खरोखर घोडे बाहेर काढून बघा, घड्याळ लावून. घाबरलेला घोडा जळत्या तबेल्यात परत धावतो, म्हणून बाहेर काढल्यावर त्याला बांधायची जागा आधीच ठरवा.

घोडा मैदान सोडतो तेव्हा

शर्यतीतले घोडे तरुणच निवृत्त होतात आणि त्यापुढे वीसेक वर्षं जगू शकतात. कुणी पैदाशीला जातं, कुणी रायडिंग स्कूलमध्ये, कुणाला चार हातांतून फिरत लग्नाच्या वरातीत आणि चौपाटीच्या वाळूत उभं राहावं लागतं. फाटकातून बाहेर पडण्याआधी मायक्रोचिपचा क्रमांक, पायांचा शेवटचा अहवाल, कुणाकडे जातोय त्याचं नाव आणि पत्ता वहीत लिहून घ्या. घेणाऱ्याला त्या घोड्याची सगळी दुखणी सांगा, विक्रेत्याला आवडलं नाही तरी. महिन्याभराने फोन करा, आणि जागा जवळ असेल तर एका सकाळी जाऊन या. जाताना त्याच्या जुन्या सईसाला बरोबर घ्या. घोडा कसा आहे ते त्याला हात लावताच कळेल.